अण्णांच्या धोतराचा ढोल



दशलक्षण पर्व झालं की तुमच्यापैकी बऱ्याच जणी विचारतात, यंदा पाठशाळेच्या मुलांनी काय केलं? एरवी मी नाटुकल्याचे नाहीतर आरतीच्या सजवलेल्या ताटांचे फोटो दाखवून मोकळी होते. यंदा मात्र निवांत बसून लिहिते आहे. यंदा मुलांनी ढोल केले, घरातल्या डब्या-बादल्यांचे. कसे केले ते सांगतेच, कारण तुमच्या पाठशाळेतही करता येतील. पण त्यांच्याबरोबर माझं 34 वर्षांचं एक देणं निघालं, तेही सांगायचं आहे.

सुरुवात अशी झाली. आपलं पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, आणि अनंत चतुर्दशीला संपतं. त्यामुळे आपण बस्तीत तत्त्वार्थसूत्राचा त्या दिवसाचा अध्याय ऐकत असतो, तेव्हा बाहेर रस्त्यावर ढोल-ताशा दणाणत असतो. आपण मोठी माणसं खिडकी लावून घेतो. मुलांचे पाय मात्र सतरंजीवर ताल धरतात. श्रावणातल्या एका रविवारी मी विचारलं, "यंदा काय करायचं रे?" चौथीतला एक मुलगा ताडकन म्हणाला, "काकू, ढोल!"

मी नेहमीचं उत्तर दिलं. "ढोलाला कातडं असतं. बस्तीत आपण कमरेचा पट्टासुद्धा बाहेर काढून येतो ना?"

"हल्ली प्लॅस्टिकचं पान असतं, काकू. आमच्या शेजारचा दादा पथकात आहे."

मी गप्प झाले. खरंच होतं ते. तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. आदल्याच रविवारी मी त्यांना अष्टप्रातिहार्यं शिकवली होती. अशोकवृक्ष, सिंहासन, तीन छत्रं, भामंडल, चामरं, पुष्पवृष्टी, दुंदुभी, दिव्यध्वनी. ती म्हणाली, "मग समवसरणात दुंदुभी वाजते, ती कशाची असते? तिला कातडं असतं?"

"ती देवांची असते बाळा. तिथं वाजवायला कुणाला दुखवावं लागत नाही."

"मग आपणही तशीच करू या. कुणाला न दुखवणारी."

पोरीनं सहज म्हटलं. मला मात्र घरी येईपर्यंत ते वाक्य बोचत राहिलं. का, ते सांगते.

माझं माहेर कुंभोजच्या बाहुबली डोंगराजवळच्या एका खेड्यातलं. अण्णा म्हणजे माझे वडील शेतकरी. दिवसभर उसात आणि रात्री भजनात. त्यांची ढोलकी गावात नावाजलेली होती. शिसवी खोड, दोन्हीकडं पुडी, आणि पावसाळ्यात सर्द झाली की ते शेगडीच्या धगीवर ती शेकत बसायचे. आई म्हणायची, "मुलांची अंगं एवढी शेकली न्हाईत कधी." मी लहान असताना त्यांच्या मांडीला टेकून झोपायचे, आणि ढोलकीची धाप माझ्या पाठीत वाजायची.

मी 16 वर्षांची असताना आमच्याकडं एका महाराजांचा चातुर्मास झाला. मी रोज प्रवचनाला जायचे. तिथं मी चामड्याचा आजन्म त्याग केला. चप्पल, पर्स, घड्याळाचा पट्टा, सगळं सोडलं. तो नियम आजही आहे, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण सोळाव्या वर्षी नियम घेतला की नुसता आपल्यापुरता राहत नाही हो. तो दुसऱ्याच्या घरात शिरतो. त्याच आठवड्यात आमच्या सोप्यात भजन चाललं होतं. आठ-दहा माणसं बसली होती. मी चहाचा ट्रे ठेवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अण्णा, जनावराचं कातडं बडवून देवाचं नाव घ्यायचं, ही कसली भक्ती?"

कुणी काही बोललं नाही. अण्णांनी ढोलकीवरचा हात तसाच ठेवला. मग त्यांनी आपल्या जुन्या धोतरात ती गुंडाळली आणि शिडी लावून माळ्यावर ठेवली. पुढच्या गुरुवारी भजन झांजेवर झालं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. हळूहळू मंडळी दुसऱ्याच्या सोप्यात बसायला लागली. मला वाटलं, मी जिंकले. घरात अहिंसा आली.

आई एकदाच म्हणाली होती, "घर मुकं झालं बघ." मी ते कानाआड केलं. अण्णा मात्र मुके राहिले नव्हते. आई भाकऱ्या थापायला बसली की ते चुलीजवळ पाट टाकून बसायचे, आणि पिठाच्या रिकाम्या डब्यावर बोटं चालायची. कधी पालथ्या घमेल्यावर, कधी पाण्याच्या घागरीवर. घागर अर्धी भरलेली असली की आवाज वेगळा आणि रिती असली की वेगळा, हे मला तेव्हापासून ठाऊक. माणसाची आवड काढून घेतली की ती स्वयंपाकघरात येऊन बसते, हे मात्र कळायला फार वर्षं गेली.

तर मुलांना मी हो म्हटलं आणि आम्ही कामाला लागलो.

आधी एक नियम ठरवला: प्राण्यापासून आलेलं काहीही वापरायचं नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. सुतार लाकूड चिकटवायला पूर्वापार जो सरस वापरतात, तो कातडी आणि हाडं उकळून केलेला असतो. म्हणून सरस बाद. बाभळीचा डिंक चालतो, मैद्याची खळ चालते. रबराचे फुगे चालतात, कारण रबर झाडाच्या चिकापासून होतं. खुळखुळ्यात भरायला मुलांनी मूग आणले होते, ते मी परत पाठवले. एक तर अन्न, त्यात सचित्त बी, आणि बंद डब्यात पावसाळ्याचं कडधान्य म्हणजे किड्यांना आमंत्रणच. त्याऐवजी जुन्या ब्लाउजची बटणं आणि तुटक्या माळांचे मणी भरले. आवाज उलट छान आला.

पहिला ढोल फुग्याचा. हा लहान मुलांना जमतो. पत्र्याचा गोल डबा घ्यायचा, मोठ्या फुग्याचा गळा कापून टाकायचा, उरलेलं रबर डब्याच्या तोंडावर ताणून बसवायचं आणि वरून दोन जाड रबरबँड चढवायचे. डब्याची कड हाताला कापते, म्हणून तिच्यावर आधी कापडी चिकटपट्टी लावून घ्या. कापलेले फुग्याचे तुकडे लगेच उचला. घरात रांगतं बाळ असेल तर ते तोंडात घालतं आणि घशात अडकतं. फुगा जितका ताणाल तितका आवाज चढा. डबा जितका मोठा तितका खर्ज. मुलांनी तीन मापांचे डबे केले, तर आपोआप तीन सूर मिळाले.

दुसरा ढोल बादलीचा. रंगाची 20 लिटरची रिकामी बादली स्वच्छ धुऊन तिच्या तोंडावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावायची. आधी एक अधिक चिन्ह, मग त्यांच्यामधून तिरक्या पट्ट्या, असं करत करत सगळं तोंड भरायचं. मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर. पट्टी प्रत्येक वेळी ताणूनच चिकटवायची. वाजवायला लाटण्यापेक्षा जाडसर काठी बरी. तिच्या टोकाला चिंधी गुंडाळून रबर लावलं की आवाज गोल येतो.

तिसरा ढोल कापडाचा. हा माझा लाडका, आणि हाच बिघडला. नर्सरीतून मातीची कुंडी आणली. तिच्या तळाला भोक असतंच, ते तसंच ठेवायचं. दोन चमचे मैदा एक वाटी पाण्यात गुठळ्या न होता कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं. पारदर्शक आणि दाट झाली की खळ तयार. पुस्तकं बांधणारे तिच्यात मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. आपण ते घालायचं नाही. पावसाळ्यात पिठाची मर्यादा आपण तीन दिवसांची मानतो, मग शिजवलेली खळ तर त्याच दिवशी संपवायची. लागेल तेवढीच करायची, उरवायची नाही. पातळ सुती कापड तिच्यात भिजवून कुंडीच्या तोंडावर ताणायचं, सुतळीनं घट्ट बांधायचं, वाळवायचं. असे तीन थर. वाळल्यावर ते पापडासारखं कडक होतं आणि टिचकी मारली की बोलतं.

बोलतं म्हणजे उन्हाळ्यात बोलत असेल. भाद्रपदाच्या पावसात आमचं कापड वाळेचना. एका बाजूला फुगलं, दुसऱ्या बाजूला सुरकुतलं. मारलं की भिजलेल्या गादीवर मारल्यासारखा आवाज. कार्यक्रम तीन दिवसांवर आला होता.

अण्णा दरवर्षी दशलक्षणात माझ्याकडं येतात. आता ते 80 वर्षांचे आहेत. चतुर्थीच्या दुपारी आले, पाय धुतले आणि सोप्यात मांडलेले ढोल बघत उभे राहिले. मी आत चहा ठेवायला गेले. खरं तर मला तिथं उभं राहवलं नाही. बाहेरून आवाज आला, तर त्यांच्या भोवती मुलं गोळा झालेली, आणि ते बादलीवर बोट मारून कान लावत होते.

"तळाला भोक का न्हाई पाडलं? आवाज कोंडतोय बघ आत."

आमच्या ह्यांनी लगेच बादलीच्या बुडाला हाताच्या पंजाएवढं भोक पाडलं. आवाज मोकळा झाला. मग अण्णांनी मला हाक मारली. "कणीक हाय का मळलेली? लिंबाएवढी आण."

मला कळेना, पण आणून दिली. त्यांनी तिची पुरीएवढी चपटी गोल टिकली केली आणि बादलीच्या ताणलेल्या पट्टीच्या मध्यावर दाबून बसवली. पाण्याचा हात फिरवून कडा पातळ केल्या. मग तळव्यानं एकच थाप दिली. मुलांचे डोळे मोठे झाले. धूम्म! प्लॅस्टिकच्या बादलीतून देवळातल्या पखवाजासारखा खर्ज आला. पखवाजाच्या डाव्या पुडीवर वाजवण्यापूर्वी अशीच ओली कणीक लावतात. तबल्यावरची काळी शाईही त्याच कामाची. मधे वजन आलं की आवाजाला सूर येतो. ते का येतं, हे सर सी. व्ही. रामन यांनी 1920 साली शास्त्रानं दाखवून दिलं. अण्णांना रामन माहीत नाहीत, पण त्यांच्या बोटांना माहीत होतं. वाजवून झाल्यावर कणीक लगेच काढायची, राहू द्यायची नाही, हेही त्यांनीच मुलांना बजावलं.

कुंडीचा फुगलेला ढोल त्यांनी हातात घेतला आणि सुतळी सोडली. "एका अंगानं वढत गेलीस तू. समोरासमोर वढायचं. हिकडं वढलं की लगेच तिकडं. ताण सगळीकडनं सारखा पाहिजे." मग विचारलं, "दुसरं कापड हाय का? हे लई जाड हाय."

नव्हतं. ते उठले, आपल्या पिशवीतून एक जुनं धोतर काढलं आणि मधोमध टर्रकन फाडलं. धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं. त्या रात्री मी ताजी खळ केली, त्यांनी कापड ओढलं, मी सुतळी बांधली. चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं. सकाळी तवा तापवून गॅस बंद केला आणि त्याच्या धगीवर त्यांनी कुंडी फिरवत फिरवत शेकली. तीस-चाळीस वर्षांपूर्वी ढोलकी शेकायचे, अगदी तशीच. मी पाठमोरी उभी राहून भांडी आवरत होते. आवरलेलीच भांडी परत आवरत होते.

कार्यक्रम पर्वाच्या दुसऱ्या दिवशी, उत्तम मार्दवाच्या दिवशी होता. आरती झाल्यावर मुलांनी डबे, बादल्या, कुंडी मांडली. नऊ मुलं आणि आठ मात्रांचा साधा ठेका. एकदा चुकलं, हसले, पुन्हा धरलं. आमच्या पाठीमागच्या बायकांच्या टाळ्या आपोआप तालात पडायला लागल्या. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. त्यांची बोटं मांडीवर चालली होती.

त्या रात्री मी त्यांच्या अंथरुणाशी बसले. सख्यांनो, दरवर्षी क्षमावाणीला मी त्यांच्या पाया पडते. कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी, असं म्हणते. 34 वर्षं म्हटलं. आपण सगळ्याच म्हणतो, फोनवरून शंभर जणांना पाठवतोही. पण त्या 'काही'मध्ये ढोलकी कधी आली नव्हती. जे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, ते आपण 'नकळत'मध्ये लपवतो.

मी म्हणाले, "अण्णा, मी तुमची ढोलकी बंद केली. चारचौघांत बोलले. क्षमा करा."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बोललीस ते खोटं नव्हतं. मलाबी पटलं हुतं. म्हणून तर ठेवली वर." जरा थांबून म्हणाले, "चहा देऊन, आत बोलावून सांगितली असतीस, तरी ठेवली असती."

एवढंच. रागाचा शब्द नाही. मला वाटत होतं, त्यांनी माझ्या हट्टापुढं हार मानली. खरं तर त्यांनी माझं म्हणणं त्याच दिवशी मानलं होतं, आणि माझ्या बोलण्याचा अपमानही त्याच दिवशी गिळला होता. अहिंसा पाळली ती त्यांनी. मी नुसतं कातडं सोडलं होतं.

ह्यावर एक सांगते, म्हणजे गैरसमज नको. माझा नियम जराही ढिला झालेला नाही. वाद्याचं कातडं बदलता येतं, हे तर सिद्धच आहे. गोव्याचं घुमट बघा. मातीचं भांडं आणि त्याला पूर्वी घोरपडीचं कातडं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर घोरपडीला हात लावता येईना, तेव्हा बोकडाचं कातडं आलं. घुमट काही बंद पडलं नाही, उलट 2019 मध्ये गोवा सरकारनं त्याला वारसा वाद्याचा मान दिला. आपल्याला बोकडही जीवच, म्हणून आपण कापडापर्यंत, पट्टीपर्यंत आणखी दोन पावलं जाऊ. पण जाताना घरातल्या वाजवणाऱ्याला बरोबर घेऊन जायचं. त्याच्या हातातलं काढून घ्यायचं असेल, तर दुसऱ्या हातानं काहीतरी द्यायचं. मी 16 वर्षांची असताना त्या बादलीला भोक पाडलं असतं तर!

मी विचारलं, "ढोलकी आहे का अजून माळ्यावर?"

"पुड्या उंदरांनी कवाच खाल्ल्या." आणि ते हसले. "खोड हाय."

चतुर्दशीनंतर त्यांना सोडायला गेले, तेव्हा भावाला माळ्यावर चढवलं. धोतराची चिंध्या झालेली गुंडाळी, आत शिसवी खोड. दोन्ही तोंडं उघडी. एका बाजूनं बघितलं की आरपार अंगण दिसतं. ते खोड मी घरी आणलं आहे. तेलाचा हात दिला, तर लाकूड अजून काळंभोर चमकतं. दिवाळीत अण्णा येणार आहेत. एका बाजूला धोतराचं कापड तीन थरांचं, दुसऱ्या बाजूला पथकवाल्यांचं प्लॅस्टिकचं पान, असं आमचं ठरलं आहे. पावसाळा संपलेला असेल, कापड चांगलं वाळेल. सुतळी मी ओढणार आहे. समोरासमोर.

तुमच्याकडं कुणाच्या माळ्यावर असं काही गुंडाळून ठेवलेलं आहे का? असेल तर उतरवा, आणि ज्यांनी ठेवलं त्यांना आधी चहा द्या. मग विचारा.

उत्तम क्षमा, आणि जय जिनेंद्र.